मिश्र दुहेरीचा धडा

शाळेच्या वार्षिकांत खेळासंबंधीं जे लेख येतात त्यांत बहुधा व्यायामाचें महत्त्व सांगितलेलें असतें. शरीर सुदृढ तर मन सुदृढ, हें तत्त्व खरें आहे. पण तें सांगून सांगून इतकें गुळगुळीत झालें आहे कीं, वाचणाराच्या मनावर त्याचा ओरखडाहि उठत नाहीं. यास्तव या अंकांत मी खेळाविषयीं एकच मुद्दा मांडणार आहें आणि तोहि एका खेळाडूच्या चरित्राच्या आधारें. मुद्दा असा कीं, मुलगा व मुलगी यांनीं जाळीच्या एकाच बाजूस उभें राहून खेळावयाचा जो बॅडमिंटनचा प्रकार आहे, ज्याला आपण मिश्र दुहेरी म्हणतों, त्याला आपल्या शाळेंत आणि आपल्या घरांत मानाची जागा मिळाली पाहिजे. कित्येकांना हें किरकोळ वाटेल, कित्येकांना कदाचित् रुचणारहि नाहीं. दोन्ही प्रकारच्या वाचकांनीं लेख शेवटपर्यंत वाचावा एवढीच विनंति.

आपलें कोल्हापूर हें पैलवानांचें गांव. राजर्षि शाहू छत्रपतींनीं बांधविलेलें खासबाग मैदान इ. स. १९१२ पासून आपल्या कीर्तीची साक्ष देत उभें आहे. राजाराम कॉलेजांत शिकलेल्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांतील पहिलें ऑलिंपिक पदक दिलें. त्यांना तिकडे पाठविण्यासाठीं त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें, ही हकीकत आपल्या मुलांना तोंडपाठ असते. पुढें २०१० सालीं तेजस्विनी सावंत नेमबाजींत जगज्जेती झाली आणि २०२४ सालीं पॅरिस येथें राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनें कांस्यपदक आणलें. हा अभिमानाचा वारसा आहे. परंतु थोडा विचार केल्यास दिसेल कीं, कुस्ती काय, नेमबाजी काय, हे सारे एकट्यानें झुंजण्याचे खेळ आहेत. आखाड्यांत उतरलेल्या मल्लाला दुसऱ्याची चूक सोसावी लागत नाहीं, आणि आपल्या चुकीचा भार दुसऱ्यावर पडला म्हणून खालीं मान घालावी लागत नाहीं. आयुष्य मात्र क्वचितच एकट्यानें खेळावें लागतें. संसार, कचेरी, शेत, दुकान, दवाखाना, मंडळी, जेथें जावें तेथें दुसऱ्या कोणाबरोबर तरी काम करावें लागतें, आणि तो दुसरा कोणी आपल्या मनाप्रमाणें घडविलेला नसतो. या शिक्षणाची सोय कोणत्या खेळांत आहे? माझें उत्तर असें कीं, ती मिश्र दुहेरींत सर्वांत अधिक आहे.

आतां ज्यांचें चरित्र पुढें ठेवावयाचें ते आपले शेजारीच. नंदू नाटेकर यांचा जन्म १२ मे १९३३ रोजीं सांगलीस झाला. कृष्णाकांठचा हा मुलगा आरंभीं टेनिस खेळत असे. १९५१-५२ मध्यें राष्ट्रीय कनिष्ठ टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत रामनाथन् कृष्णन् यांनीं त्याला हरविलें. पराभव झाला म्हणून रॅकेट खुंटीला टांगणारे पुष्कळ असतात. नाटेकरांनीं एक रॅकेट ठेवून दुसरी हातीं घेतली. वयाच्या विसाव्या वर्षीं त्यांनीं बॅडमिंटनमध्यें भारताचें प्रतिनिधित्व केलें. १९५४ सालीं ते ऑल इंग्लंड स्पर्धेंत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोंचले. १९५६ सालीं क्वालालंपूर येथील सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत ते विजयी झाले. परदेशांत बॅडमिंटनचें आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. थॉमस चषकाच्या सामन्यांत त्यांनीं १९५१ ते १९६३ या काळांत सोळा एकेरी लढतींपैकीं बारा व सोळा दुहेरी लढतींपैकीं आठ जिंकल्या. १९६१ मध्यें सरकारनें अर्जुन पुरस्कार देण्यास आरंभ केला, तेव्हां बॅडमिंटनसाठीं तो मान त्यांनाच मिळाला. २८ जुलै २०२१ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, पुण्यांत त्यांचें निधन झालें. त्यांचे चिरंजीव गौरव यांनीं वडिलांनीं सोडलेलें टेनिस पुन्हां हातीं घेतलें आणि १९९४ च्या आशियाई स्पर्धेंत लिअँडर पेस यांच्यासह दुहेरीचें सुवर्णपदक मिळविलें, हाहि एक गोड योगायोग.

नाटेकरांच्या चरित्रांतील हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. मला ज्याकडे लक्ष वेधावयाचें आहे तो भाग सहसा शेवटच्या ओळींत उरकला जातो. त्यांनीं राष्ट्रीय एकेरीचें अजिंक्यपद सहा वेळां जिंकलें. पुरुष दुहेरीचें सहा वेळां जिंकलें. आणि मिश्र दुहेरीचें पांच वेळां जिंकलें. १९६२ सालीं बँकॉक येथें किंग्ज चषक स्पर्धेंत त्यांनीं मीना शहा यांच्या जोडीनें मिश्र दुहेरीचें विजेतेपद मिळविलें, आणि त्याच स्पर्धेंतील एकेरीचें विजेतेपद त्यापुढील वर्षीं, म्हणजे १९६३ सालीं. हे आंकडे नुसते मोजून सोडण्यासारखे नाहींत. एकेरींत देशांत ज्याच्या तोडीचे थोडे, त्यानें दुसऱ्याच्या गतीशीं आपली गति जुळवून घ्यावी, आपल्या आवडीचा फटका जोडीदारिणीसाठीं सोडावा, आणि असें एकदां नव्हे, पांच वेळां अजिंक्यपदापर्यंत न्यावें, याला केवळ मनगट पुरत नाहीं. नाटेकरांचा खेळ नजाकतीचा होता. जाळीजवळ फूल अलगद उतरविण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती. धसमुसळ्या खेळाडूला जोडी साधत नाहीं. हलक्या हाताच्या खेळाडूला ती लवकर साधते, असें मला वाटतें.

मिश्र दुहेरी हा मागाहून चिकटविलेला पोरखेळ आहे असा एक समज आढळतो. इतिहास त्याच्या उलट आहे. आज आपण ज्याला बॅडमिंटन म्हणतों त्या खेळाला एकोणिसाव्या शतकांत इंग्रज अधिकारी ‘पूना’ म्हणत, कारण त्याच्या नियमांची जडणघडण पुण्याच्या छावणींत झाली. पुढें तो विलायतेस गेला आणि १८९९ सालीं लंडनमध्यें पहिली ऑल इंग्लंड स्पर्धा भरली. त्या पहिल्या स्पर्धेंत एकेरीचे सामने नव्हतेच! पुरुष दुहेरी, महिला दुहेरी व मिश्र दुहेरी, एवढेच तीन प्रकार होते. एकेरी त्यानंतरच्या वर्षीं आली. म्हणजे अजिंक्यपदाच्या मानांत मिश्र दुहेरी ही एकेरीची थोरली बहीण आहे. ज्यांच्या नांवानें थॉमस चषक दिला जातो त्या सर जॉर्ज थॉमस यांनीं ऑल इंग्लंडचीं एकंदर एकवीस विजेतेपदें मिळविलीं, त्यांतील आठ मिश्र दुहेरीचीं होतीं. १९९६ पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्यें आहे. १९८९ पासून भरणाऱ्या सुदिरमान चषकांत देशाचा संघ पांच लढतींनीं ठरतो, आणि त्यांतील एक लढत मिश्र दुहेरीची असते. ज्या देशाजवळ चांगली मिश्र जोडी नाहीं त्याला तेथें एका लढतीचें उणें घेऊनच उतरावें लागतें.

खेळाची रचनाहि पाहण्यासारखी आहे. दुहेरीचें कोर्ट चव्वेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद. मधोमध पांच फूट उंचीची जाळी. आणि सोळा पिसांचें पांचएक ग्रॅम वजनाचें फूल. जुनी पद्धत अशी कीं, स्त्रीनें जाळीजवळ पुढें उभें राहावें व पुरुषानें मागचें कोर्ट सांभाळावें. पाहणाराला वाटे कीं, मागें धांवून जोरानें फटके मारणारा तोच सामना जिंकतो. जाणते लोक मात्र सांगत कीं, सामना पुढेंच ठरतो. जाळीजवळ उभी असलेली खेळाडू प्रतिपक्षाला फूल वर उचलावयास भाग पाडते, तेव्हांच मागच्याला फटका मारावयास मिळतो. एकीनें पेरावें आणि दुसऱ्यानें कापावें, असा तो व्यवहार. कापणाराचें नांव होतें. पेरणारीचें पुष्कळदां राहून जातें. आतां तर ही विभागणीहि मोडली आहे. आजच्या उत्तम जोड्यांतील स्त्रिया प्रसंगीं मागें जाऊन पुरुषाइतक्याच त्वेषानें खेळतात आणि पुरुष पुढें येऊन जाळी राखतात. कोणी कोठें उभें राहावें हें मुलगा-मुलगी म्हणून नव्हे, तर त्या क्षणीं कोण कोठें आहे यावरून ठरतें. मला या गोष्टींत केवळ खेळाची प्रगति दिसत नाहीं. समाजानें कसें वागावें याचा एक धडा दिसतो.

येथें एक गाऱ्हाणें नोंदविल्याशिवाय राहवत नाहीं. नाटेकरांचें नांव आज घरोघर माहीत आहे. पण त्यांच्या मिश्र दुहेरीच्या यशांत अर्धा वांटा ज्यांचा, त्या स्त्रियांचीं नांवें आपल्यापैकीं किती जण सांगूं शकतील? मीना शहा यांचेंच पाहा. १९५९ ते १९६५ अशीं लागोपाठ सात वर्षें त्या महिला एकेरीच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. १९६२ सालीं त्यांनाहि अर्जुन पुरस्कार मिळाला. बँकॉकच्या विजयांत त्या नाटेकरांच्या सावलींत उभ्या नव्हत्या. त्या स्वतःच्या तेजानें उभ्या होत्या. तरी चरित्रकार लिहितात, ‘त्यांनीं मिश्र दुहेरीहि जिंकली,’ जणुं काय ती एकट्यानें जिंकतां येते! तसेंच १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई स्पर्धेंत लेरॉय डिसा व कंवल ठाकर सिंग या जोडीनें मिश्र दुहेरीचें कांस्यपदक मिळविलें. त्याची आठवण किती घरांत निघते? विजय दोघांचा आणि स्मरण एकाचें, हा न्याय नव्हे. आपल्या मुलांनीं इतिहास वाचतांना ‘आणि दुसरें कोण होतें?’ असा प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. ती खेळाबाहेरहि उपयोगी पडेल.

आतां पालकवर्गाशीं दोन शब्द. गेल्या कांहीं वर्षांत मुलांमुलींचा खेळ पाहतांना एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. एका बहीणभावांची जोडी होती. भाऊ अंगानें दणकट, फटका जोराचा, पण उतावळा. बहीण त्याच्याहून एका वर्षानें लहान, हात मऊ, नजर तीक्ष्ण. भाऊ चुकला कीं ती एक शब्द न बोलतां फूल उचलून त्याच्या हातीं देई. तिच्या त्या मुकेपणानें तो जितका सुधारला तितका माझ्या ओरडण्यानें सुधारला नसता. बहीण नववींत गेली आणि एके दिवशीं रॅकेट परत करावयास आली. मीं कारण विचारलें. खालीं पाहून ती म्हणाली, “सर, आतां घरीं नको म्हणतात.” भाऊ मात्र येत राहिला. कांहीं दिवस तो जाळीच्या पुढच्या मोकळ्या जागेकडे पाही आणि पुन्हां मागें जाऊन उभा राही. त्या घराला मी दोष देत नाहीं. आईबापांना मुलीची काळजी असते आणि ती असलीच पाहिजे. परंतु जी काळजी मुलीला कोर्टाबाहेर काढते आणि मुलाला आंत ठेवते, ती दोघांचेंहि नुकसान करते, हें मला स्पष्टपणें सांगितलें पाहिजे.

पहिला आक्षेप मर्यादेचा. मुलामुलींनीं एकत्र खेळावें हें शोभतें काय? याचें उत्तर मी पुण्याच्या एका घराकडे बोट दाखवून देतों. प्रो. दि. ब. देवधर हे संस्कृतचे प्राध्यापक. महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचे कप्तान म्हणून त्यांनीं १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक आणला. त्यांच्या तारा, सुंदर व सुमन या कन्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत राष्ट्रीय बॅडमिंटनचें क्षेत्र गाजविलें. त्या काळीं मुलींनीं मैदानावर जाणें आजच्याहून कितीतरी अवघड होतें. संस्कृत शिकविणाऱ्या त्या पित्याला मर्यादा कळत नव्हती असें कोण म्हणेल? मर्यादा वागण्यांत असते. तीं दोघें जाळीच्या कोणत्या बाजूस उभीं आहेत यांत नसते. शंभर डोळ्यांसमोर, पंचाच्या देखरेखीखालीं, नियमांनीं बांधलेल्या कोर्टावर मुलगा व मुलगी जितकें निर्मळपणें एकमेकांस ओळखतात, तितकें इतरत्र क्वचितच. ज्या मुलाला मुलगी ही प्रथम बरोबरीची खेळाडू म्हणून भेटली, तो पुढें तिचा आदर करावयास व्याख्यानांतून शिकत बसणार नाहीं.

शिवाय कोल्हापूरकरांनीं तरी हा आक्षेप जपून घ्यावा. १८५२ सालीं रेव्हरंड वाइल्डर येथें आले, तेव्हां मुलींनीं अक्षर गिरवावें हेंच पुष्कळांना अनिष्ट वाटे. १९१७ मध्यें शाहू महाराजांनीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तेव्हांहि नाकें मुरडणारे होतेच. आज त्याच गांवांतील मुली डॉक्टर, न्यायाधीश व जगज्जेत्या होतात आणि आपण त्यांच्या मिरवणुका काढतों. दार उघडतांना कुरकुर करावयाची आणि आंतून यश बाहेर आलें कीं हार घेऊन धांवावयाचें, ही रीति आतां तरी सोडूं या.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. तो मुलांच्या बाबतींत निघत नाहीं, मुलींच्या बाबतींतच निघतो, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. दोघांनाहि रोज एक तास खेळूं द्या आणि दोघांनाहि वेळेवर पुस्तकाकडे बसवा. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मात्र खरा आहे. पिसांचें फूल महाग असतें व दोनचार डावांत त्याचीं पिसें झडतात. पण शिकतांना नायलॉनच्या फुलानें काम भागतें. एक रॅकेट दोघांनीं वापरतां येते. आणि चार खेळाडूंना कोर्ट एकच लागतें. या दृष्टीनें पाहिल्यास दुहेरी हीच काटकसरी शाळेची सोय आहे.

यश मिळेलच असें वचन मी देत नाहीं. गोव्याच्या घराण्यांतील, दुबईंत वाढलेली तनिषा क्रास्टो हिनें २०२२ सालीं ईशान भटनागर याच्या जोडीनें लखनौची सय्यद मोदी आंतरराष्ट्रीय स्पर्धा मिश्र दुहेरींत जिंकली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ती महिला दुहेरीसाठीं उतरली. अशा मुली आपल्यांतूनहि निघतील, कदाचित् निघणारहि नाहींत. माझा आग्रह पदकासाठीं नाहीं. मिश्र दुहेरी खेळलेला मुलगा घरीं बहिणीला ‘तुला काय कळतें’ असें म्हणतांना एकदां अडखळेल. ती खेळलेली मुलगी पुढच्या आयुष्यांत आपली जागा मागावयास लाजणार नाहीं. एवढें झालें तरी फुलांचा खर्च भरून निघाला असें मी समजेन.

म्हणून माझी सूचना अशी कीं, आपल्या वार्षिक क्रीडामहोत्सवांत मिश्र दुहेरीची स्पर्धा ठेवावी. जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडाव्या, म्हणजे आवडीनिवडीला व चिडवाचिडवीला वाव राहणार नाहीं, आणि जो सोबती वांट्याला येईल त्याच्याशीं जुळवून घेण्याचें शिक्षण आपोआप मिळेल. बक्षीस एक नको, सारख्या किंमतीचीं दोन असावीं. फलकावर दोघांचीं नांवें एकाच आकाराच्या अक्षरांत लिहावीं. आणि पन्नास वर्षांनीं कोणी तो फलक वाचील, तेव्हां त्याला ‘आणि दुसरें कोण होतें?’ असें विचारावें लागूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटीं एक गोष्ट तुमच्यासाठीं. कोर्टावर जोडीदाराकडून फूल जाळींत गेलें, तर त्या क्षणीं तुमच्या चेहऱ्यावर काय दिसतें याकडे लक्ष ठेवा. पडणाऱ्याला उचलणारा सोबती जवळ असणें हें केवढें भाग्य, हें आपण शाळेच्या प्रार्थनामंदिरांत अनेकदां ऐकलें आहे. तो सोबती आपल्याला लाभावा असें प्रत्येकास वाटतें. तो सोबती आपण व्हावें असें फार थोड्यांच्या मनांत येतें. सांगलीच्या नाटेकरांना तें साधलें. चूक जोडीदाराची असली तरी गुण दोघांचा जातो. म्हणून खालीं वांका, फूल उचला, त्याच्या हातीं द्या आणि पुढच्या सर्व्हिसला तयार राहा.